दादाच्या खोलीत कोण येतं?

बाबा,

मी दुकानात लवकर चाललेय. भाजी झाकून ठेवली आहे, गरम करून घ्या.

एक विचारायचं होतं. दादाच्या खोलीत कोण येतं? त्याचं समुद्री चाच्यांचं जपानी कॉमिक, दुसरा भाग, रोज जागा बदलतंय. काल पलंगावर पालथं पडलं होतं. मला वाटलं, दादाच जहाजावरून परत आलाय आणि तुमच्या धाकानं आपण दोघं कामावर असताना चोरून येऊन जातोय. शेजारच्या काकूंना खोदून विचारलं. "कोणी येत नाही गं," त्या म्हणाल्या, "तुझे बाबा तेवढे हल्ली दुपारीच घरी येतात."

मग पुस्तकातली खूण पाहिली, तर तुमचं बसचं तिकीट! "असलं वाचूनच पोरगं बिघडलं आणि समुद्रावर पळालं," असं तुम्हीच ओरडला होतात ना?

बाबा, ते उजवीकडून डावीकडे वाचायचं असतं. तुम्ही शेवटाकडून सुरुवात केली आहे. पहिला भाग त्याच्या कपाटात, वरच्या फळीवर आहे.

संध्याकाळी घरच्या लँडलाइनवर दादाचा फोन येईल. मी मुद्दाम उशिरा येणार आहे. या वेळी तुम्हीच उचला.

– चिमी