शेवटच्या नावाचा मान

तीर्थस्वरूप आत्यास तिच्या तापट भाच्याचा साष्टांग नमस्कार.

तुझा गुडघा कसा आहे? उगाच जिने चढू नकोस. इकडे सगळे खुशाल आहेत असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. प्रत्यक्षात माझं डोकं असं फिरलंय की बायको चहाचा कप टेबलावर ठेवते आणि लगेच दुसऱ्या खोलीत निघून जाते.

कायमच्या नोकरीचा निकाल लागला. पण आधी आमच्या धंद्याची एक रीत तुला सांगायला हवी. विश्वाच्या मुळाशी काय आहे ते आम्ही गणितं करून शोधतो (यंत्रं नाहीत, प्रयोगशाळा नाही; एक फळा, एक ओलं फडकं आणि भरपूर भांडणं). चौघांनी मिळून शोधनिबंध लिहिला की नावं आडनावांच्या वर्णानुक्रमाने छापायची. कोण किती राबलं याचा काही संबंध नाही. नियम तो नियम! आता आपलं, म्हणजे तुझं माहेरचं, आडनाव वर्णमालेच्या पार शेपटाला. त्यामुळे मी कायम शेवटचा. मला त्याचं कधी काही वाटलं नाही, मागच्या मुलाखतीपर्यंत.

त्या मुलाखतीच्या समितीवर पूल बांधायला शिकवणारे प्राध्यापक होते. त्यांच्यात जो राबतो त्याचं नाव पहिलं. माझे निबंध चाळून त्यांनी विचारलं, हे शेवटचे गृहस्थ, म्हणजे तुम्ही, नेमकं करता काय? मी रीत समजावून सांगितली. त्यांनी मान डोलावली आणि म्हणाले, म्हणजे शाळेच्या हजेरीपासूनच मागे आहात तर! अगं, कृष्णविवरात पडलेली माहिती कायमची नाहीशी होते की त्याच्या किरणांतून हळूहळू बाहेर येते, यावर जगभरचे लोक डोकं फोडताहेत, आणि आमच्या निबंधातलं सगळ्यात अवघड गणित मी केलंय, मी! नोकरी अर्थातच हुकली.

मग मी अक्कल चालवली. (बायको म्हणते तिथेच चुकलं.) माझ्या मागे येईल असं आडनाव शोधायचं ठरवलं. अख्ख्या इमारतीत एकच सापडलं: आपले जावईबापू. तुझ्या लेकीचा नवरा, तेव्हा मी वावगं बोलणार नाही. स्वभावाने देवमाणूस. पण आत्या, हा माणूस फळ्यासमोर बसतो, बिस्किटांचा पुडा संपवतो, छान चाललंय म्हणतो आणि घरी जातो. एकदा उत्साहाने उठून त्यांनी माझं बरोबर असलेलं उणे चिन्ह अधिक करून टाकलं. गणित कुठे बिघडलं ते शोधण्यात माझा आठवडा गेला. तरी प्रत्येक निबंधात त्यांना घेतलं. मी शेवटून दुसरा झालो आणि मनातल्या मनात फार खूश झालो.

यंदा समिती बदलली. अध्यक्ष कोण, तर पेशींचा अभ्यास करणाऱ्या बाई. आणि त्यांच्यात (ऐकतेयस ना?) शेवटचं नाव प्रमुखाचं! बाकीचे सगळे त्याच्या हाताखालचे! समिती वाचते तेही अलीकडचंच काम. बाई मला कौतुकाने म्हणाल्या, एवढ्या मोठ्या माणसाच्या हाताखाली शिकलात, भाग्यवान आहात. मी घसा फोडून वर्णानुक्रम सांगितला, तर माझी गुरुनिष्ठा त्यांना फार आवडली. जावईबापूंनी अर्ज केला होता तो निव्वळ गंमत म्हणून. जागा त्यांना मिळाली. मी नुसता हातावर हात ठेवून बसलो असतो तर आज ती माझी असती! हा काय न्याय झाला? माझी इथली मुदत उन्हाळ्यात संपतेय, पोरीला शाळा सोडायला लागणार हे अजून तिला सांगितलेलं नाही. पण मी कुणापुढे तोंड वेंगाडणार नाही, वशिला तर मुळीच लावणार नाही. मला राग आलाय, आणि तो राहणार.

तुझा
शेवटून दुसरा भाचा

ता. क. जावईबापूंना माझं अभिनंदन कळव. मनापासून, असं म्हण.

आणखी एक. त्यांना आता हाताखाली एक माणूस घेता येणार आहे म्हणे. तुझा शब्द ते मोडत नाहीत. मी सांगितलं असं मात्र बोलू नकोस.

पाकीट चिकटवणार तेवढ्यात जावईबापू स्वतःच येऊन गेले, म्हणून हे वरच्या कोपऱ्यात लिहितोय. मला घेतो म्हणाले, अगदी आनंदाने. मी एकच अट घातली, यापुढे नावं कामाप्रमाणे छापायची. त्यांनी हातातलं बिस्कीट खाली ठेवलं. एवढं गंभीर मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

"छे छे, दादा," ते म्हणाले, "नियम तो नियम."

मी हो म्हणालो, आणि पुडा त्यांच्यापुढे सरकवला.