आळंदीला जाण्याआधी

ती. आईस,
पूर्णिमाचा नमस्कार.

आम्ही सगळे ठीक. तुझा गुडघा काय म्हणतो?

शनिवारी पहाटे वाशीहून निघू, गर्दीआधी घाट चढलो की नाश्त्याला विश्रांतवाडीत. संध्याकाळी परत. तुझा जावई म्हणतो, "गाडी मी चालवतो, काळजीचं खातं तुझ्याकडे."

आळंदीला नेते म्हणाले होते, ते अर्धंच सांगितलं. आधी तुला डॉक्टरांकडे न्यायचं आहे. परवा फोनवर तू म्हणालीस, "ठेवते गं, ह्यांचा डबा भरायचाय." बाबांना जाऊन किती वर्षं झाली, आई.

मी तेव्हा गप्प बसले. चुकलं का, कळत नाही. पण तुला फसवून गाडीत बसवणं जमेना, म्हणून लिहिते आहे.

नको म्हणालीस, तर सरळ आळंदीलाच जाऊ. पण नको म्हणू नकोस.

तुझी,
पूर्णिमा