टेस्टची कॅसेट

इचोडा,
१० जानेवारी

प्रिय निलू,

अनेक आशीर्वाद. फोन हाताशी असताना बाबांनी पत्र का लिहिलं, म्हणून घाबरून तू आधी शेवट वाचशील. तुझी सवय मला ठाऊक आहे. तसं करू नकोस. आम्ही दोघंही ठणठणीत आहोत. तुझ्या आईचे गुडघे कुरकुरतात आणि मी कुरकुरतो, एवढंच. फोनवर मला मुद्द्याचं बोलता येत नाही. तू "बरं बाबा, ठेवते" म्हणतेस, मी "बरं" म्हणतो, आणि त्यातच आपली वर्षं गेली. गेल्या रविवारी तू देवश्रीबद्दल सांगितलंस. शाळेच्या स्नेहसंमेलनात तिला गायचंय, पण बाई म्हणतात तिचा आवाज जाडाभरडा आहे, मुलांसारखा, सगळ्या मुलींच्या वर चढतो. घरातही दिवसभर ओरडून गाते. "तुमचं ऐकते ती, बाबा. एक तर नाजूक गा म्हणावं, नाहीतर गाऊ नको." मी "सांगतो" म्हणून मोकळा झालो. अजून सांगितलेलं नाही. का नाही, ते सांगायचं तर मला दुकानावरून वळसा घालून यावं लागेल. तेवढा धीर धर.

दुकान अजून उघडतो, सकाळचे दोन तास. ट्रकच्या केबिनमधले टेप गेले, हातात मोबाईल आले, आणि 'टेप मास्टर' म्हणून हाक मारणारेही थोडेच उरले. कधी देवळाचा अँप्लिफायर येतो, कधी धाब्यावरचा टीव्ही. पण त्या वेळी आठवतं ना, काउंटरवर टेपची कशी चळत लागायची? आणि प्रत्येक टेप दुरुस्त झाला की आपली ती टेस्टची कॅसेट. चौऱ्याऐंशी साली एका सरदारजीच्या टेपमध्ये ती अडकून आली होती. टेप त्यानं नेला, कॅसेट राहिली. ना कव्हर, ना नाव. एका बाजूला इंग्रजी गाणी, दुसरी बाजू कोरी. त्याच्याकडे ती कुठून आली, देव जाणे.

काय गाणी होती ती! माणसाएवढ्या उभ्या वाद्याच्या तारांवर चापट्या मारल्याचा आवाज, त्यावर गिटार, आणि त्या दोघांना कॉलर धरून ओढत नेणारा तो गळा. घशात खडी भरल्यासारखा. शब्दाच्या मधेच उचकी लागल्यासारखा तुटायचा आणि तुटल्या जागेवरून उडी मारून वर जायचा. बास, ट्रेबल, स्पीकरची खरखर, सगळं एका गाण्यात तपासून व्हायचं. एवढा दांडगा आवाज म्हणजे पुरुषाचाच, यात मला कधी शंकाच आली नाही. मी त्याला 'टेस्टवाला' म्हणायचो. टेपच्या मोटरला मागे एक बारीक भोक असतं, त्यात पेचकस घालून आतला पेच फिरवला की वेग कमीजास्त होतो. मोजायचं यंत्र माझ्याकडे नव्हतं. मी कानानं लावायचो. टेस्टवाल्याचा आवाज भरदार, बाप्यासारखा बसला की वेग बरोबर, बंद कर झाकण. हे लक्षात ठेव, याचा हिशेब पुढे माझ्याच गळ्यात पडणार आहे.

आणि कॅसेटच्या दुसऱ्या बाजूवर तुझी नोकरी होती. टेपमध्ये आवाज नीट भरला जातोय का, हे बघायला नुसतं "हॅलो, टेस्टिंग" म्हणून चालत नाही. गाण्यात खोट लगेच उघडी पडते. काउंटरमागच्या खोक्यावर बसून तू गृहपाठ करायचीस, मी बटणं दाबून मान हलवली की पेन्सिल खाली ठेवून टेस्टवाल्याच्या चार ओळी गायचीस. इंग्रजीचं तेव्हा आपल्या दोघांनाही शून्य. शब्द नव्हतेच, नुसते आवाज, पण खडीसकट, उचकीसकट, उडीसकट. आजची टेस्ट कालच्या टेस्टवर भरली जायची आणि कालची पुसली जायची. गिऱ्हाईक हसून विचारायचे, यातला खरा कोणता? तुला आणखी एक काम आवडायचं. लग्नाच्या कॅसेटी जपायच्या असल्या की लोक आपल्याकडे यायचे. कॅसेटच्या पाठीवरची प्लास्टिकची इवलीशी पट्टी मोडून टाकली की तिच्यावर पुन्हा काही भरता येत नाही, आतलं आहे ते तसंच राहतं. ती पट्टी पेचकसाच्या टोकानं कट्‌कन मोडायचा मान तुझा असे.

आता बाजारहत्नूरचं लग्न. त्याच्याबद्दल आपण अठ्ठावीस वर्षांत एक शब्द बोललो नाही, म्हणून तर हात जड झालाय. उद्धवकाकांच्या मुलीचं लग्न, तू चौदा वर्षांची. नवरदेव वाटेत अडकलेला, त्याच्याकडची थोडीच मंडळी पोचलेली, बँजो पार्टी वाजवून वाजवून कंटाळलेली. तू कधी उठलीस, त्यांचा माईक कधी हातात घेतलास, मला दिसलंच नाही. मी जेवणाच्या पंगतीकडे होतो. आवाज ऐकून मला वाटलं, कुणीतरी दुकानातली कॅसेट आणून लावली. धावत आलो तर तू. हिरवं परकर-पोलकं, एक पाय ठेक्यावर आपटतेय, आणि बँजोवाला तुझ्यामागे धापा टाकतोय. ढोलकीवाल्यानं तर वाजवणं सोडून तोंडच उघडं टाकलेलं. आणि मग सगळा मांडव टाळ्या वाजवायला लागला, निलू. तेवढ्यात वराकडचे एक म्हातारे माझ्याजवळ सरकले आणि म्हणाले, "मास्तर, पोरगी हाय का पोरगा हाय हे?" चार माणसं हसली. चारच. मांडवभर टाळ्या मला ऐकू आल्या नाहीत, ती चार माणसं ऐकू आली. मी तुझ्या हातातला माईक काढून घेतला आणि चालू माईकवरच बोललो, "हा बाप्याचा आवाज हाय. पोरीच्या जातीले शोभत नाई." सगळ्या गावानं ऐकलं. तू परतीच्या जीपमध्ये खिडकीकडे तोंड करून बसलीस.

त्यानंतर तू गायली नाहीस. मला आधी वाटलं रुसलीय, होईल ठीक. मग दहावी, मग बारावी, मग हैदराबाद, बँकेची नोकरी, लग्न. देवश्री झाली तेव्हा बाळंतपणाला तू इकडे होतीस. तिला मांडीवर घेऊन थोपटायचीस आणि अंगाई लावायचीस मोबाईलवर. मी दाराशी उभा राहून बघायचो. आपल्या लेकरालाही स्वतःच्या तोंडानं न गाणारी आई मी घडवली, हे मला तेव्हा कळलं होतं. कळून मी काय केलं? चहा पिऊन दुकानात गेलो.

तुझा फोन आला त्याच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट. आदिलाबादला कॉलेजात शिकवणाऱ्या रूपाली म्हणून एक बाई आहेत. जुन्या तबकड्या जमवायचा त्यांना नाद. आजोबांचा रेकॉर्डप्लेअर आणि दोन स्पीकर घेऊन आल्या. स्पीकर तपासायला मी ते दुकानातल्या टेपला जोडले आणि सवयीनं आपली कॅसेट लावली. बाई खुर्चीतून उठल्याच. म्हणाल्या, "काका, या बाईची गाणी तुमच्याकडे, इचोड्यात?" मी हसलो. म्हटलं बाई कुठली, हा तर आपला टेस्टवाला. त्यांनी मोबाईल काढला, कुठूनसं तेच गाणं शोधलं आणि माझ्यासमोर धरलं. आणि मोबाईलवर एक मुलगी गात होती, निलू. मुलगी! तीच खडी, तीच उचकी, तीच उडी. फक्त आपल्या टेपवर ती थोडी हळू आणि थोडी जाड वाजत होती. का, ते मला त्याच क्षणी समजलं. वेगाचा पेच. तो आवाज बाप्याचाच असला पाहिजे म्हणून मी तो पिळून पिळून बाप्याचा केला होता. एकट्या माझ्याच टेपचा नाही. इचोड्यातून गेलेला प्रत्येक ट्रक, प्रत्येक लग्नघर, सगळ्यांचे टेप मी तीस वर्षं किंचित हळू चालवले. लोकांच्या आज्यांच्या ओव्याही जाड करून ठेवल्या असतील. हसू नकोस. म्हणजे, हस, पण पुढचं ऐक.

तिचं नाव लेटी क्रॉस. अमेरिकेतल्या कापूसपट्ट्यातली, आपल्यासारखीच. सकाळी बोंडं वेचून बोटं फाटलेली आणि संध्याकाळी गिटार. त्या संगीताला रॉकबिली म्हणतात, रूपालीबाईंनी मला दोनदा म्हणायला लावलं. शेतकऱ्यांची गावरान गाणी आणि तिथल्या काळ्या लोकांचा ठेका, दोन्ही एकत्र मळून काही तरुणांनी ते उभं केलं. सगळे बाप्येच. मुलींनी गोड गावं, हातात रुमाल धरून उभं राहावं. त्यात ही एकोणीस वर्षांची पोर घुसली. रेडिओवाले म्हणाले, मुलीच्या तोंडचं असलं आम्ही वाजवणार नाही. ती गातच राहिली. मोजून बारा गाणी तबकडीवर आली, आणि त्या बारांमधून पुढे कितीतरी मुलींना कळलं की आपल्यालाही एवढा मोठा आवाज असू शकतो. बाईंनी मला तिचा फोटो दाखवला. बारीक अंगाची, केस मागे बांधलेले, एक पाय हवेत. मी त्या पायाकडेच बघत राहिलो. तो पाय मी बाजारहत्नूरला पाहिला होता. निघताना बाई सहज बोलून गेल्या की पहिल्या रेकॉर्डिंगला तिला तिचा बाप घेऊन गेला होता, ऐन वेचणीच्या दिवसात, शेत टाकून. 

त्या दिवशी मी दुकान बंद केलं नाही, जेवायला गेलो नाही. एका टेपचा पेच नीट फिरवला आणि बाराच्या बारा गाणी ऐकली. चाळीस वर्षं ज्याला मी स्पीकर तपासायचं सामान समजत होतो, त्याच्यासमोर हात जोडून बसलो म्हटलं तरी चालेल. एवढीशी पोर, मागे एकटा बाप, समोर सगळं जग 'गप्प बस' म्हणतंय, आणि ती अशी गातेय की माझ्या काउंटरवरचे स्क्रू थरथरतात. घरी येऊन तुझ्या आईला सगळं सांगितलं. ती भाजी चिरत होती. मान वर न करता म्हणाली, "मले तं पयल्या दिवसापासून मालूम होतं का थे बाई हाय. तुमी कदी इचारलं काय?" मग सुरी खाली ठेवून म्हणाली, "अन्‌ पोरीले तवा काऊन बोलले, थे बी मी कदी इचारलं नाई. आता सांगा."  चार माणसं हसली म्हणून, हे काय उत्तर झालं?

आणखी एक गोष्ट मला रात्रंदिवस सोडत नाही. तू शिकलीस ती माझ्या हळू टेपवरून. म्हणजे लेटी क्रॉसच्याही खालच्या सुरात तू सुरू करायचीस, आणि उडी मात्र तिच्या खऱ्या उंचीला न्यायचीस, माझ्या टेपवर ऐकू यायची त्याहून वर. एवढी लांब उडी तिलाही कुणी मारायला लावली नव्हती. चौदाव्या वर्षी, एका अक्षराचा अर्थ ठाऊक नसताना, इचोड्याच्या एका खोक्यावर बसून तू ते करत होतीस, आणि तुझा बाप समोर बसून टेपच्या बेल्टचा ताण तपासत होता. मी आयुष्यभर आवाजाचं काम केलं, निलू. एवढा मोठा आवाज माझ्या दुकानात पुन्हा आला नाही.

तेव्हा देवश्रीला मी काही सांगणार नाही. सांगायचं ते तुला आहे, आणि त्यासाठीच हे पत्र. सोबतच्या पार्सलमध्ये तिळाच्या लाडवांखाली दुकानातला जुना टेप आहे. त्याचा पेच मी मुद्दाम तसाच, चुकीचा ठेवलाय; तुझा आवाज त्याच हळू वेगावर भरलाय, नीट टेपवर तो चिरका होईल. पहिल्या बाजूची गाणी तुला मोबाईलवर मिळतील, नाव लिहिलंच आहे. दुसरी बाजू मात्र याच टेपवर, देवश्रीला शेजारी बसवून ऐक. तिच्यावर चार ओळी आहेत. बाजारहत्नूरला निघायच्या आदल्या दिवशी तू भरलेली टेस्ट. लग्नाहून परतल्यावर दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं, पहिलाच टेप तयार झाला, कॅसेट घातली आणि भरायचं बटण दाबायला बोट नेलं. दाबलं असतं तर त्या ओळी पुसल्या असत्या. तुझ्यावरचा राग अजून डोक्यात होता. तरी मी कॅसेट बाहेर काढली, पेचकस घेतला आणि पाठीवरची ती पट्टी मोडून टाकली. तुझा मान होता तो, तुला न विचारता घेतला. त्यानंतर ती बाजू एकदाच ऐकली, तुझी पाठवणी झाली त्या दुपारी, शटर खाली ओढून. माईक मी सगळ्यांसमोर काढून घेतला आणि पट्टी एकट्यानं मोडली, तेच उलटं करायला हवं होतं. ओळी संपल्या की टेपवर तुझा आवाज येतो, "झालं का बाबा?" त्याचं उत्तर माझ्याकडून राहिलं होतं. नाही बेटा, झालं नाही. पुढच्या ओळी देवश्रीला म्हणून दाखव.

तुझाच, तीस वर्षं वेग चुकलेला,
बाबा