कॅसेटवर छापलंय 'पारंपरिक'

१२ मार्च १९९१, मंगळवार. कोपर

अजून डोकं शांत होत नाहीये. मी रचलेली हळदीची गाणी कल्याणच्या एका कॅसेटवाल्याने माझ्याच आवाजात रेकॉर्ड केलेली. आज कॅसेट हातात आली, तर कव्हरवर गीतकाराच्या जागी छापलंय, 'पारंपरिक'. पारंपरिक कसली? नणंदेच्या लग्नात तांदूळ निवडता निवडता जुळवलीत मी ती!

तशीच त्याच्या दुकानात गेले. तो हसत म्हणाला, "ताई, सगळे हक्क तुम्हीच आम्हाला दिलेत. ही बघा तुमची सही." कागद सगळा इंग्रजीत. सही घेताना हाच म्हणालेला, रेकॉर्डिंग झाल्याची नुसती पोच आहे. न वाचता केली, ही चूक माझी. पण म्हणून काय मी 'पारंपरिक' झाले?

"दुसऱ्या कॅसेटसाठी मागितलेली गाणी आता विसरा," मी म्हटलं, "आणि वकिलाच्या नोटिशीची वाट बघा."

घरी नवरा म्हणाला, "अगं, कोर्टात कशाला जातेस? हरशील."

हरले तर हरले. उद्याच ठाण्याला वकिलाकडे जाणार. निदान कोर्टाच्या कागदावर तरी माझं नाव लिहावंच लागेल त्यांना.