एल्विनच्या कुरणातली वेधशाळा

३ मार्च
ठरलं! बर्फ वितळून गावभर चिखल होतो, त्या दिवसांतल्या मोफत व्याख्यानमालेत यंदा मी बोलणार. विषय: एल्विनच्या कुरणातली दगडी खोली. डिसेंबरातल्या सर्वांत लहान दिवशी सूर्य नेमका तिच्या दारातून आत येतो. म्हणजे प्राचीन वेधशाळाच! भाषण रंगलं, की इतिहास मंडळाचं अध्यक्षपद माझं. चाळीस वर्षं पोस्टात शिक्के मारले. आता गावाला कळू दे मी कोण ते.

९ मार्च
एल्विनला अख्खं भाषण ऐकवलं. शाळेपासूनचा दोस्त. नुसती मान डोलवत होता. भारावला असणार. थेल्माला ऐकवायला गेलो, तर म्हणाली, आधी परसातलं गटार मोकळं कर. नवऱ्याची किंमत घरात कधी कळायची?

१४ मार्च
रोज पहाटे तासभर सराव. उद्यापासून.

२१ मार्च, सकाळ
सराव राहिला. पण मुद्दे डोक्यात पक्के आहेत. हॉलमध्ये साठ खुर्च्या मांडल्या. थेल्मा म्हणे वीस पुरेत, रस्त्यांत गाड्या रुतताहेत. बायकांना दूरदृष्टी नसते.

२२ मार्च
लिहवत नाही. काल अकरा माणसं आली. (चिखल!) रंगात येऊन विचारलं, ही खोली कोणी बांधली, आहे का कोणाला ठाऊक? वक्त्याने असं विचारायचं असतं, उत्तर कोणी द्यायचं नसतं. एल्विनने हात वर केला. म्हणाला, आजोबांनी. बटाटे ठेवायला. दार तिकडे, कारण घोडागाडी तिकडेच वळायची.

हॉल हसला. सगळ्यांत मोठ्याने थेल्मा. बाहेर एल्विनला गाठलं, आधी का नाही बोललास? तर म्हणतो, अरे बाबा, तू बोलू दिलंस कुठे? शिवाय इतका खुशीत होतास, मन मोडवेना. केसाने गळा कापला माझा! आणि थेल्माला लग्नाआधीपासून ठाऊक. तिथले बटाटे खाल्लेत म्हणे तिने.

२६ मार्च
एल्विनशी बोलणं बंद. कायमचं. मंडळाने पुढचं व्याख्यान त्यालाच दिलंय. थेल्मा त्यासाठी चार ॲपल पाय भाजणार आहे. माझ्या वेळी दुकानातली बिस्किटं होती.

२ एप्रिल
त्याच्या ट्रकचा आवाज आला तरी खिडकीत जायचं नाही. आज दोनदाच गेलो.

४ एप्रिल
गेलो. फक्त चुका टिपायला. हॉल खच्चून भरलेला, लोक भिंतीला टेकून उभे. एल्विन दीड तास बटाट्यांवर बोलला. माझी नऊ पानं भरली, चूक एकही नाही.

शेवटी मंडळाने त्याला अध्यक्ष केलं. त्याने लगेच पहिली सूचना मांडली, की खुर्च्या मांडायचं काम कायमचं माझ्याकडे द्यावं, माणसाला साठ मांडायचा अनुभव आहे. थेल्माने अनुमोदन दिलं. एकमताने मंजूर.