लिव्हरला ग्रीस

शनिवार, संध्याकाळ. चिखली.

वाट लागली राव. पार वाट लागली.

उद्या सकाळी रावेतच्या कॅफेवाल्या ताई माझ्या हातची कॉफी पिऊन बघणार. आवडली तर तिथं नोकरी, नाहीतर चाकणला पप्पांच्या कंपनीत हेल्पर. कॉफीचं मशीन माझंच न्यायचंय, हाताने लिव्हर दाबायचं. बटणवालं सोपं पडलं असतं, पण मी मुद्दाम हेच घेतलं. दाब किती द्यायचा ते माझा हात ठरवतो ना.

आज प्रॅक्टिसला बसलो तर कॉफीला ग्रीसचा वास! उघडून बघतो तर आत पिस्टनला, रबराला, सगळीकडं पिवळं ग्रीस. तेवढ्यात पप्पा आले, एकदम खुश. "कुरकुरत होतं रे ते. कंपनीतलं भारी ग्रीस लावलंय. आता बघ, लोण्यासारखं चालेल."

पप्पा मेंटेनन्सला आहेत. काही कुरकुरलं की त्यांचा हात आपोआप ग्रीसच्या डब्याकडं जातो. पण या मशीनला ते खेळणं म्हणायचे, आजपर्यंत बोटसुद्धा लावलं नव्हतं. मग ओरडू कसा?

साबणाने धुतलं, गरम पाण्यात उकळलं. वास रबरात मुरलाय. दुसरं रबर आता कुठं मिळणार? माझ्या बोटांनाही तोच वास.

गल्लीतल्या पोरांना थाप मारून काढा कॉफी म्हणून बिनधास्त पाजणारा मी, आणि पप्पांना एक खरं सांगता येईना.

"कसं चालतंय?" त्यांनी विचारलं.

"एक नंबर, पप्पा."

"मग उद्या मीपण येतो. निघताना ग्रीसचा अजून एक हात मारू."