गाळलेला टप्पा

माय, काल मी तुझ्या माहेरी जाऊन आले. एसटीनं नाही, पायी. तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. सकाळी शाळेत एका वर्गाची हजेरी दुसऱ्या वर्गात घेतली आणि पोरं खिदळली तरी मला कळलं नाही. तू आज समोर असतीस तर आधी तुझ्या गळ्यात पडले असते की आधी भांडले असते, ते सांगता येत नाही. बहुतेक भांडलेच असते. कारण तू मला फसवलंस. एकदा नाही, माझं सगळं लहानपण फसवलंस, आणि तू गेल्यानंतरही मी त्या फसवणुकीवर माझा संसार चालवत राहिले.

आधी आम्ही तिकडं कसे पोहोचलो ते सांगते, नाहीतर तुला वाटेल पोरगी या वयात रानोमाळ हिंडायला लागली. तुझे जावई बँकेतून रिटायर झाले आणि डॉक्टरांनी त्यांना चालायला सांगितलं. महिनाभर ते घरामागच्या मैदानाला फेऱ्या मारत होते, मग वैतागले. "घाण्याच्या बैलावानी फिरून राहिलो. चालायचंच हाय तर कुठं तरी पोचू तरी," म्हणाले. आणि त्यांनी काढलं की कयाधू जिथं उगवते तिथून निघायचं आणि पैनगंगेला मिळते तिथं थांबायचं, काठाकाठानं. एका दमात नव्हे, माझी शाळा आहे आणि माझे गुडघेही आहेत. दर रविवारी एक टप्पा. सकाळच्या गाडीनं मागच्या वेळी थांबलो तिथं जायचं, दिवसभर चालायचं, मग जो फाटा जवळ असेल तिथून संध्याकाळची गाडी धरून हिंगोली. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी हसले होते. आता गुरुवारची वाट पाहते, कारण गुरुवारी जेवणं झाली की आमची बैठक बसते. हे मोबाईलवर नकाशा मोठा करतात, जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर पेन्सिलीनं नदी काढतात, ओढे कुठं, बंधारा कुठं, सावली कुठं. मी डब्याचं बघते. धपाटे, कांदा, शेंगदाण्याची चटणी. लग्नाच्या याद्यांवरून भांडतात तसे आम्ही भांडतो, आणि खरं सांगते, इतकं तर आम्ही नवीन लग्न झालं तेव्हाही बोललो नव्हतो.

यांचा एकच नियम आहे. जिथं थांबलो तिथंच पाय ठेवून पुढं निघायचं. यांनी तंबाखू सोडली पण चुन्याची डबी सुटली नाही, ती आता या कामाला लागली. थांबलो की एखाद्या दगडाला चुन्याचं बोट लावतात आणि पुढच्या रविवारी आधी तो दगड हुडकतात. दगड सापडेपर्यंत आम्ही हलत नाही. एकदा कोणीतरी तो उचलून बांधाला लावला होता, तर अर्धी सकाळ त्यातच गेली. अशा माणसाला मी म्हटलं, की अमुक एक टप्पा आपण गाळायचा. हे माझ्याकडं बघतच राहिले. "गाळायचा? काहून?" मी म्हटलं, "तेवढा एसटीनं करू." "एसटीनं केलेली नदी ही काय नदी हाय का? एक पाऊल सोडलं की समदं फुकट." मी उठून भांडी घासायला गेले. त्यांना कारण माहीत होतं. त्या टप्प्यात आपलं गाव येतं, माय. आपलं घर, जिथं आता तुझा लेक राहतो, आणि ज्या उंबऱ्यावर मी कित्येक वर्षांत पाय ठेवलेला नाही.

तुझ्या लेकानं जुनं घर पाडून नवं बांधलं आणि वास्तुशांतीची पत्रिका मला मोबाईलवर पाठवली. सख्ख्या बहिणीला! शे-दोनशे लोकांना जी धाडली तीच मलाही, खाली दोन हात जोडलेले. न्यायला येणं सोड, एक फोनसुद्धा नाही. मी गेले नाही. मग त्या भाऊबीजेला तो आला नाही. त्यानंतर तो म्हणत असेल ताईनं यावं, मी म्हणते त्यानं न्यायला यावं, आणि मधे एवढी वर्षं. लोक म्हणायचे, एवढ्याशा गोष्टीवरून? पण मी ताठ होते, कारण माझ्यामागं तू होतीस. मी तुझी लेक होते.

तुला तो दिवस आठवतो का? माझं लग्न होऊन वर्ष झालं नव्हतं. सासरी काहीतरी बिनसलं, मी एकटीच एसटीत बसले आणि दुपारी आपल्या दारात उभी राहिले. तू चुलीपुढं आहेस, तव्यावर भाकरी आहे, धुरानं तुझे डोळे लाल झालेत. मला वाटतंय तू उठशील, मला जवळ घेशील. तू भाकरी उलटतेस आणि विचारतेस, "मुराळी आला व्हता का न्यायला?" मी म्हणते, "न्हाई. माझी मीच आले." "मंग काहून आलीस? बोलावल्याबगर पोरीनं माहेराचा उंबरा चढू न्हाई. म्या चढले का कवा?" आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीत तू मला बसवून दिलंस. पिशवीत शेंगदाण्याचे लाडू कोंबलेस, पण बसवून दिलंस. त्या गाडीत मी रडले, आणि रडता रडताच तुझा अभिमानही वाटला. कारण तू खरंच चढली नव्हतीस. काकाच्या लग्नात मामाला मानाची टॉवेल-टोपी द्यायची राहिली, मामा भरल्या ताटावरून उठला आणि गेला, ते सगळ्या गावाला माहीत होतं. त्यानंतर मामा कधी न्यायला आला नाही. तू चारचौघांत सांगितलंस, मुराळी आल्याबगर म्या जाणार न्हाई. पंचमी आली, दिवाळी आली, शेजारणी माहेरी जाऊन आल्या, तू गेली नाहीस. बाया तुझं नाव घेऊन सुनांना धडे द्यायच्या. आणि मला तर वाटायचं, जाणार तरी कशी, मामाचं गाव किती लांब! मी अगदी लहान असताना गेले होते त्याची एवढीच आठवण होती, की गाडीनं हिंगोलीला जायचं, तिथं गाडी बदलायची, दुसऱ्या रस्त्यानं पुन्हा तेवढंच, आणि मला वाटेत उलट्या. अर्धा दिवस जायचा.

म्हणून गेल्या गुरुवारी बैठकीत यांनी नकाशावर बोट ठेवून मामाच्या गावाचं नाव वाचलं तेव्हा मी म्हटलं, "ते दुसरं असंल. त्या नावाची लई गावं हायेत." हे म्हणाले, "दुसरं कसं? हे पाहा तुमचं गाव, हे पाहा मामाचं. रस्ता गेला हिंगोलीवरून फिरून. नदीनं चालत गेलं तर दीड-दोन तास." मी चष्मा लावून पाहिलं. मोबाईल फिरवून पाहिला. नदीनं मधे एक मोठं वळण घेतलंय, त्या वळणाच्या या अंगाला तुझं माहेर आणि त्या अंगाला तुझं सासर. इतकं जवळ, आणि तू गेली नाहीस? मला तुझी इतकी दया आली की त्या रात्री झोप लागली नाही. आता त्या दयेचाच राग येतोय.

काल दुपारी आम्ही तिथं पोहोचलो. नदीत पाणी डबक्यांपुरतं, दोन्ही काठांवर हळद शिजत होती, सगळीकडं तो उग्र, ओला वास. पाण्याच्या बाटल्या संपल्या होत्या म्हणून शेतातल्या एका आखाड्यावर, गोठ्या-झोपडीपाशी गेलो. एक म्हातारी शिजलेली हळद फडक्यावर पांगवत बसली होती, हात कोपरापर्यंत पिवळे. तिनं मला दुरून येताना पाहिलं आणि पांगवायची थांबली. यांनी पाणी मागितलं तर ती यांच्याकडं बघेचना. मला म्हणाली, "तू तिची पोरगी न्हवं? चालणं तेच हाय." मामी होती, माय. मी तिला ओळखलंही नसतं. मामा जाऊन बरीच वर्षं झाली म्हणाली. आम्हाला बाजेवर बसवलं, तांब्या दिला, आणि सुनेला सांगून घरातून डबा आणवला. डब्यात शेंगदाण्याचे लाडू होते. मी एक तोंडात घातला आणि माझा घास तसाच राहिला. जाड कुटलेले दाणे, गूळ, आणि मागून येणारी सुंठ. बाजारातले लाडू! तू दर बुधवारी बाजारातून आणायचीस ते. तू गेल्यावर मी आणि भावानं तो लाडूवाला सगळ्या बाजारभर हुडकला होता, ओळीनं प्रत्येक पालावर विचारलं होतं. लोक म्हणाले, इथं असा कोणी लाडूवाला कधीच बसत नव्हता.

मी मामीला विचारलं, "हे लाडू तुमी कुठून आणले?" ती म्हणाली, "आणते कशाला? म्याच करते. तुझ्या मायला लई आवडायचे. दर बाजारी दोन खायाची अन तुमच्यासाठी बांधून न्यायाची." मी विचारलं, "माय इथं येत होती?" मामी माझ्याकडं अशी पाहायला लागली, जणू मी विचारलं की नदीत पाणी येत होतं का. "मंग? बाजाराच्या दिवशी नदीनदीनं यायाची. तुमी लेकरं साळंत, तुझा बाप रानात. टोपली तुझ्या मामापाशी द्यायाची, तो बाजारला जाऊन दोन्ही घरचं मीठमिरची आणायचा. वांगी तर आमच्या रानातलीच न्यायाची ती." मी म्हटलं, "अन ती इथं काय करायची?" मामी म्हणाली, "झोपायाची." मग हळदीवर हात फिरवत म्हणाली, "त्या निंबाखाली, ह्याच बाजंवर. आल्या आल्या पडायची अन ऊन कलल्यावर आमी उठवलं की मंग उठायची. येवढी कशी थकते बाई ही, म्हणायचा तुझा मामा."

मी त्या बाजेवरून उठून उभी राहिले. मला बसवेना. माय, मी तुला दिवसा झोपलेलं एकदाही पाहिलेलं नाही. तापातसुद्धा नाही. मामीला विचारलं, मग मामा उघड न्यायला का आला नाही, एकदा आला असता तर संपलं असतं. ती हसली. "त्यानं न्हाई म्हनलं का? हिनंच येऊ देलं न्हाई. म्हणे, तू न्यायला आलास की समद्यांना इचारून यावं लागंल, तेबी वरसातून दोनदाच. असं मह्या मनानं येते ते बरं हाय." हे ऐकून तुझे जावई मोठ्यानं हसले आणि मी त्यांच्यावर खेकसले. मग मला एकेक आठवायला लागलं. तू गेलीस त्या सकाळी मामा सगळ्यांच्या आधी पोहोचला होता, पहिली एसटी यायच्याही आधी, पायात चिखल, आणि कुणी विचारलं नाही की हा एवढ्या लांबून आला कसा. आणि बाबा! बाबा दर बुधवारी संध्याकाळी ताटावर बसून विचारायचे, "बाजार बरा भरला व्हता का?" तू म्हणायचीस, "व्हय, बरा व्हता." भाव त्यांनी कधीच विचारला नाही. वांग्याचा दुसरा घास घेताना खाली मान घालून हसायचे, ते मला वाटायचं वांगं आवडलं म्हणून.

म्हणजे त्यांनाही माहीत होतं. मामीला, मामाला, बाबांना, सगळ्यांना. तुझा तो नियम फक्त मी एकटीनं पाळला! मला त्या गाडीत बसवून दिलंस त्याच्या पुढच्या बुधवारी तू जाऊन निंबाखाली झोपली असशील. मला एका शब्दानं सांगितलं असतंस तर? म्हणाली असतीस, पोरी, चारचौघांत एक बोलायचं आणि नदीनं निघून यायचं. मी नाही का समजले असते? का तुला भीती होती की मी नव्यानं नांदत होते, मला तुझ्याइतकं खोटं बोलता येणार नाही? कालपासून मी तुझ्या बाजूनं हजार कारणं शोधते आहे आणि प्रत्येकावर चिडते आहे. आणि मधेच, वर्गात फळ्यावर लिहिता लिहिता, तू त्या बाजेवर कुशीला वळून झोपलेली दिसतेस, तोंडावर पदर, आणि मला इतकं बरं वाटतं की खडू हातातच राहतो.

आज सोमवार. गुरुवारपर्यंत थांबायला मला धीर नव्हता, म्हणून आत्ताच यांना कॅलेंडर काढायला लावलं. यांनी पुढचा टप्पा न बोलता आपल्या गावाच्या अलीकडं तोडून ठेवला होता, माझ्यासाठी स्वतःचा नियम मोडून, तिथून पुढं एसटी अशी पेन्सिलीची खूण होती. ती मी खोडून टाकली. म्हटलं, "माझ्या टाचेला फोड आलाय. पुढल्या रविवारी त्या गावात जरा टेकावं लागंल असं वाटतं." हे माझ्या पायाकडं बघतील असं वाटलं होतं. बघितलं नाही. पेन्सिलीनं नदी पुढं ओढत म्हणाले, "मंग धपाटे कमीच बांध. दुपारचं तिथंच होईल."

मामीनं बांधून दिलेले लाडू मी डब्यात वेगळे ठेवलेत. तुझ्या लेकाच्या दारात उभं राहून काय बोलायचं ते मला अजून सुचलेलं नाही. आपण का आलो ते सांगता येणार नाही, माफी मागवणार नाही, आणि त्यानंही मागू नये. डबा पुढं करीन आणि म्हणेन, लाडूवाला सापडला. हा कागद लिहून झाला की त्याच डब्याच्या तळाशी घालते, कुठं पाठवायचा ते तूच सांगितलेलं नाहीस. आणि माय, माझ्या टाचेला फोडबिड काही आलेला नाही.